घरात सापडलेले गोचीड: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जून २०२३

४ फेब्रुवारी

आज सकाळी देव्हाऱ्याच्या वर, भिंतीवर एक गोचीड चढताना दिसला. आजीने आधी पाहिला. ‘हो रानातलो. तुझो बापूस रोज काजीत जाता, तेच्या अंगावर बसान इलो,’ ती म्हणाली. बाबा न्याहारी करत होते. मान वर न करता म्हणाले, ‘कुत्र्याचो आसा तो. मारून टाक.’

दोघांपैकी कोणाचं बरोबर, ते मला सांगता येईना. मी शाळेत विज्ञान शिकवते. संधिपाद प्राण्यांचे वर्ग मुलांकडून घोकून घेते. घरातल्या भिंतीवरचा प्राणी मात्र मी आजवर कधी नीट पाहिला नव्हता, याची मला आज खंत वाटली.

सिंधुदुर्गातल्या बांद्याजवळच्या आमच्या वाडीत हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडले आणि पुढच्या वर्षी ताप बांदा परिसरात आला. तेव्हापासून काजूचा हंगाम आला की मनात धाकधूक सुरू होते. हा ताप पसरवणारा गोचीड रानातला. आणि आमच्या घरात कुत्रा आहे, गाय आहे, लाकूडफाटा आहे, रोज बागेत जाणारा माणूस आहे. म्हणजे गोचीड घरात यायला वाटा चार, आणि आम्ही सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो.

ठरवलं: पावसाळा लागेपर्यंत घरात, घरातल्या माणसांवर आणि जनावरांवर सापडलेला प्रत्येक गोचीड जपून ठेवायचा आणि ओळखायचा. प्रत्येकाला क्रमांक. तारीख, जागा, कोणाला सापडला आणि तेव्हा तो काय करत होता (चढत होता, चिकटलेला होता, मेलेला होता), एवढं लिहायचंच.

भिंतीवरचा तो क्र. १.

६ फेब्रुवारी

सामान जमवलं. सोनाराकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाईलला लावायचं क्लिपवालं मॅक्रो लेन्स, बारीक टोकाचा चिमटा, हातमोजे, सर्जिकल स्पिरिट. बाटल्यांची अडचण होती. ती काकीने सोडवली. तिच्याकडे होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या चाळीसएक निघाल्या. याहून सोयीचं काही मिळालं नसतं. झाकण घट्ट बसतं आणि काचेतून भिंगाने पाहता येतं.

घरात सगळ्यांना सांगितलं: गोचीड नखाने चिरडायचा नाही. आतलं रक्त बोटाला लागतं, आणि बोटाला चीर असेल तर त्यातून आजार आत जाऊ शकतो. चिमट्याने उचलून थेट स्पिरिटमध्ये टाकायचा. चिकटपट्टीने पकडायचा नाही, कारण सोडवताना त्याचं तोंड तुटतं आणि ओळख पटते ती तोंडावरूनच.

९ फेब्रुवारी

पहिले पाच नमुने गोंधळले. बाटलीत नमुन्याबरोबर कागदाची चिठ्ठी टाकली होती, पण बॉलपेनने लिहून. स्पिरिटमध्ये शाई विरघळली, पाणी निळं झालं आणि चिठ्ठी कोरी. क्र. १ कोणता ते आठवलं, कारण तो सगळ्यात मोठा होता. बाकीच्या चारांची जागा आता कोणालाच सांगता येणार नाही.

यापुढे चिठ्ठी पेन्सिलीनेच. शिसं स्पिरिटला दाद देत नाही. या चार नमुन्यांचे क्रमांक रद्द केले आणि वहीतला तो भाग तसाच ठेवला. उद्यापासून क्र. २.

१२ फेब्रुवारी

सातवीतला पुतण्या उत्साहाने कामाला लागलाय. आठवड्यात त्याने नऊ ‘गोचीड’ आणून दिले. त्यातले सहा खरे. उरलेल्या तिघांत एक तांदळातला टोका, एक ढेकणाचं पिल्लू आणि एक कोळ्याचं पिल्लू.

त्याला समोर बसवून पाय मोजायला लावले. टोका आणि ढेकूण कीटक आहेत, त्यांना सहा पाय आणि डोक्यावर शृंगिका, म्हणजे मिशा. मोठ्या गोचिडाला आठ पाय, मिशा नाहीत. गोचीड कोळ्याच्या आणि विंचवाच्या गोतातला. मग कोळ्याच्या पिल्लाचं काय? त्यालाही आठ पाय. तिथे कंबर बघायची. कोळ्याचं शरीर दोन भागांत, मध्ये बारीक. गोचीड म्हणजे एकसंध चपटी चकती, पुढे फक्त तोंड बाहेर आलेलं.

अडचण एकच: गोचिडाचं अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू, म्हणजे लार्व्हा, त्याला पायही सहाच असतात. आठ पाय पुढच्या, निम्फ अवस्थेत येतात. त्यामुळे ‘सहा पाय, म्हणून गोचीड नाही’ हा नियम मोहरीहून बारीक जिवांना लावता येत नाही. तिथे मिशा आहेत का ते बघायचं.

१८ फेब्रुवारी

आज महाशिवरात्रीची सुट्टी. पडवीत उजेड चांगला होता म्हणून क्र. १ ते ११ एकामागून एक पाहिले. सबंध दुपार गेली, पण आज पहिल्यांदा गोचीड खरा दिसला.

स्पिरिटमधून काढून टिपकागदावर दोन मिनिटं ठेवला की अंगावरची ओल उडते आणि आकार स्पष्ट होतो. क्र. १: तीन मिलिमीटरच्या आसपास, सगळीकडून एकसारखा तांबूस तपकिरी, पिकलेल्या चिंचेच्या सालीचा रंग. पाठीवर नक्षी नाही, पायांवर पट्टे नाहीत. मागच्या कडेला एकसारख्या खाचा, कातणीने कापलेल्या करंजीच्या कडेसारख्या. पाठीवरची कडक ढाल फक्त पुढच्या भागावर, म्हणजे मादी. मादीची मागची कातडी मऊ असते, रक्त पिऊन ती फुगते. नराची ढाल सबंध पाठभर असते, म्हणून तो फारसा फुगत नाही. क्र. ४ आणि क्र. ७ नर निघाले.

खरी खूण तोंडाच्या मुळाशी. तोंडाचे अवयव ज्या कडक तुकड्यावर बसलेले असतात त्याला मी वहीत ‘जोतं’ म्हणते. क्र. १ चं जोतं षट्कोनी आहे. दोन्ही बाजूंना कोन बाहेर आलेले, जुन्या नाण्याच्या कडेसारखे टोकदार. त्याच्या पुढे दोन बाजूंना जे आखूड जाड अवयव असतात ते पाल्प. ढालीच्या कडेवर, दुसऱ्या पायाच्या वरच्या अंगाला, दोन्हीकडे एकेक फिका ठिपका. ते डोळे.

तपकिरी, बिननक्षीचा, षट्कोनी जोतं, आखूड पाल्प, डोळे, मागे खाचा. हे सगळं जुळलं की तो कुत्र्याचा तपकिरी गोचीड. शास्त्रीय पुस्तकांत तो ऱ्हायपिसेफॅलस सँग्विनियस या नावाने शोधावा लागतो. अलीकडे उष्ण प्रदेशातल्या वाणाला ऱ्हायपिसेफॅलस लिनियाय असं वेगळं नाव दिलंय. आमच्याकडचे बहुधा हेच. भिंगाने तेवढा फरक दिसत नाही, म्हणून मी वहीत ‘कुत्र्याचा’ एवढंच लिहिते.

अकराही कुत्र्याचे. बाबांचं बरोबर होतं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘आतापर्यंतचे.’ तिचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलं.

२६ फेब्रुवारी

टिप्याला, आमच्या कुत्र्याला, खळ्यात धरून बसलो. बाबांनी पुढचे पाय धरले, मी कान उलटे केले. कानाच्या आतल्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेखालच्या पट्ट्याच्या आड मिळून ४१. सगळे बाटल्यांत भरायला जागा नाही. वेगवेगळ्या जागचे बारा घेतले, ते क्र. १२ ते २३. बाकीचे साबणाच्या पाण्यात.

चिकटलेला गोचीड काढायची पद्धत पुतण्याला शिकवली. चिमटा कातडीला टेकवून तोंडाजवळ धरायचा आणि एकसारख्या जोराने सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, हिसका द्यायचा नाही. आमच्याकडे रॉकेल टाकायची, विडीचं पेटतं टोक लावायची जुनी रीत आहे. त्यामुळे तो सुटायला वेळ लागतो आणि त्रास झालेला गोचीड पोटातलं उलट जखमेत सोडू शकतो. रॉकेलची बाटली मी गोठ्यात नेऊन ठेवली.

मग भिंत. आमचं घर जांभ्याच्या चिऱ्याचं. आतून गिलावा आहे, पण माजघराच्या वरच्या अंगाला, भिंत वाशांना भेटते तिथे, चिरा उघडाच. जांभ्याला जन्मतः भोकं असतात. शिडी लावून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. एका भोकात सात रिकामी कातडी, गोचीड कात टाकतात ती, आणि एक फुगलेली राखाडी मादी.

आता देव्हाऱ्यावरचा गोचीड वर का चढत होता ते कळलं. कुत्र्याचा गोचीड रक्त पिऊन झालं की कुत्र्यावरून गळतो आणि आडोसा शोधत वरच्या बाजूला सरकतो. कात टाकायची असो की अंडी घालायची, त्याला फट लागते. लार्व्हा, निम्फ, प्रौढ, तिन्ही वेळा तो कुत्र्यावर चढतो आणि तिन्ही वेळा उतरतो. बाकीच्या बहुतेक गोचिडांना रान लागतं. याला एक कुत्रा आणि एक भिंत पुरते. आमच्या घरात दोन्ही आहे.

३ मार्च

बाबा बागेतून आले आणि कमरेला खाज येते म्हणाले. सदऱ्याखाली, लुंगीच्या गाठीच्या वर, तिळापेक्षा लहान काळसर ठिपका. चिमट्याने काढला. ‘माका कायेक कळाक नाय, चावलो तरी,’ बाबा म्हणाले. कळत नाही हे खरंच. त्याच्या लाळेत कातडी बधिर ठेवणारी द्रव्यं असतात.

क्र. २७. आठ पाय, दीड मिलिमीटर, म्हणजे निम्फ. फोटो काढला. वहीत लिहिलं: कुत्र्याचा, निम्फ.

८ मार्च

शिमग्याच्या गडबडीत वही उघडायला आज वेळ मिळाला.

परजीवीशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना मी सगळे फोटो पाठवले होते. ओळख काहीच नव्हती, तरी त्यांनी वेळ काढून एकेक फोटो पाहिला. त्यांचं उत्तर आलं: बाकीचे ठीक, क्र. २७ परत पाहा. जोत्यावर अडून राहू नका, पाल्प बघा.

परत पाहिला. मी चूक केली होती. आधीचे २६ कुत्र्याचे निघाले, म्हणून सत्ताविसावाही तसाच असणार असं धरून मी अर्धवट फोटोवर नाव लिहून टाकलं होतं. टिपकागदावर ठेवून, बाजूने बॅटरी मारून पाहिलं तेव्हा दिसलं: जोतं चौकोनी, बाजूंना कोन नाहीत. पाल्प मुळाशी रुंद होऊन जोत्याच्या बाहेर आलेले आणि पुढे निमुळते. दोन्ही मिळून वरून पाहिलं तर तोंड त्रिकोणी दिसतं, भाल्याच्या पात्यासारखं. ढालीच्या कडेला डोळ्याचे ठिपके नाहीत.

ही हिमाफायसॅलिस प्रजाती. माकडताप पसरवणारा मुख्य गोचीड, हिमाफायसॅलिस स्पिनिगेरा, याच प्रजातीतला. या प्रजातीत पुष्कळ जाती आहेत आणि एका निम्फच्या फोटोवरून जात सांगता येणार नाही, असं प्राध्यापकांनी बजावून सांगितलं. गोचीड बघून त्याच्यात विषाणू आहे की नाही हेही कोणालाच सांगता येत नाही. पण तो घरातल्या भिंतीतला नाही, रानातून आलेला आहे, एवढं नक्की.

वहीतली जुनी नोंद खोडली नाही. तिच्यावर एक रेघ मारली आणि बाजूला आजची तारीख घातली.

बाबांना चावून पाच दिवस झाले होते. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो: एकाएकी, डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं. आजपासून रोज संध्याकाळी ताप मोजायचं ठरवलं. आरोग्य स्वयंसेविका आशाताईंना फोन करून सांगितलं. त्या लगेच येऊन गेल्या, वहीत नाव लिहिलं आणि गोचीड दूर ठेवणारं, अंगाला लावायचं डीएमपी तेल देऊन गेल्या.

१४ मार्च

चावून अकरा दिवस. ताप नाही. आज पहिल्यांदा नीट झोप लागेल.

बाबांनी विचारलं, माकडताप का म्हणतात. त्यांना सांगितलं: १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि त्याच सुमारास गावात माणसंही तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांनी तिथे जाऊन हा विषाणू वेगळा केला. तेच केंद्र आता राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. म्हणून शास्त्रीय नाव क्यासनूर वनरोग. माकड हा आजार माणसाला देत नाही. माकडही आपल्यासारखंच आजारी पडतं. पण माकड मेलं की त्याच्यावरचे गोचीड खाली उतरतात, म्हणून मेलेल्या माकडाजवळ जायचं नाही, आरोग्य खात्याला किंवा वनखात्याला कळवायचं.

‘म्हंजे माकडाचो दोष नाय,’ बाबा म्हणाले. नाही.

१९ मार्च

मोसमाचं कोडं आज सुटलं. स्पिनिगेराचे प्रौढ पावसाळ्यात फिरतात, गुरांवर चढतात. पावसाळ्यानंतर लार्व्हा आणि साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत निम्फ. माणसाला चावतो तो मुख्यतः निम्फ. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आम्ही पालापाचोळा गोळा करतो, लाकडं आणतो, काजू वेचतो. काजू वेचायला खाली वाकावं लागतं, पाचोळ्यात हात घालावा लागतो. दुसरा मार्ग नाही. बागेत जाऊ नका असं सांगणं सोपं, पण आमचं वर्षाचं घर काजूवर चालतं.

म्हणून बागेतून परत येण्याची रीत बदलली. खळ्यातच कपडे काढायचे, गरम पाण्याच्या बादलीत बुडवायचे. तिथेच न्हाणीत साबण लावून अंघोळ. काखा, कंबर, गुडघ्यामागे, कानामागे बोटं फिरवून बघायचं. पाठ दुसऱ्याने बघायची. आजीने ही जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. ती ओटीवर बसूनच हाक मारते: ‘कपडे भायर काड आदी, मगे घरात ये!’

टिप्याला डॉक्टरांनी चघळायची गोळी दिली. एका गोळीचा असर साधारण १२ आठवडे. औषध कुत्र्याच्या रक्तात उतरतं आणि चावलेला गोचीड मरतो. म्हणजे गोचीड चढणं थांबत नाही, उतरणं थांबतं.

२६ मार्च

पाडव्याच्या आदल्या दिवशी काकांनी घरात फवारणी करून घेतली. मी शाळेत होते. फवारणीवाल्याने जमीन आणि भिंतीचा खालचा वीतभर भाग भिजवला, पैसे घेतले आणि गेला. वर शिडी लावली नाही. घरात मांजर आहे का, हेही विचारलं नाही. परमेथ्रिनसारखी औषधं कुत्र्याला चालतात आणि मांजराच्या जिवावर बेततात. आमची मांजर दोन दिवस शेजारी ठेवली होती म्हणून वाचली. मला याचा फार राग आला.

आज, पाच दिवसांनी, वाशाखालच्या चिऱ्यावर तीन गोचीड चालताना सापडले. क्र. ३४, ३५, ३६. तिन्ही कुत्र्याचे. जमिनीवर मारून काय उपयोग, ते तिथे राहतच नाहीत. कोणता गोचीड ते ठाऊक असतं तर पहिली शिडी लागली असती.

२ एप्रिल

बाबांनी आणि मी दोन रविवार घालून वरची भोकं चुना-सिमेंटने बुजवली. आधी प्रत्येक भोक लोखंडी तारेने कोरून काढायचं, खाली जुनी चादर अंथरलेली. एका खोल भोकात अंडी सापडली. तपकिरी, चकचकीत, खसखशीएवढी, एकमेकांना चिकटलेला घोस. शेजारी सुकलेली आई. मादी एकदाच अंडी घालते आणि मरते, पण त्या एका वेळी चार हजारांपर्यंत. आजीला दाखवली. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘इतकी?’

थोडी अंडी फुटलेली होती. त्यातले लार्व्हा शाळेतल्या फोल्डस्कोपखाली पाहिले. हा कागदी सूक्ष्मदर्शक, मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला. प्रौढ गोचीड त्यात काळा डाग दिसतो, कारण उजेड अंगातून आरपार जावा लागतो. लार्व्हा मात्र काचेसारखा पारदर्शक. सहा पाय, पायांच्या टोकांना आकड्या, पुढच्या दोन पायांवर एकेक खळगा. हा खळगा त्याचं नाक म्हणायला हरकत नाही. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास त्याने टिपला जातो. गोचीड गवताच्या टोकावर बसून पुढचे पाय हवेत धरतो ते यासाठीच. वर्गातली ३८ मुलं एकेक करून बघून गेली. तास संपला तरी कोणी उठेना.

२३ एप्रिल

गोठ्यातले पाच नमुने, क्र. ५० ते ५४. गाईच्या कासेजवळून आणि मानेखालून. मोठी मादी राखाडी, फुगलेली, आजीच्या शब्दांत ‘एरंडाच्या बियेसारखी’. ही उपमा फार जुनी आहे. लॅटिनमध्ये गोचिडाला रिसिनस म्हणतात आणि एरंडाचं शास्त्रीय नावही रिसिनस, बियेचा आकार तसा म्हणून. आजीला सांगितलं तेव्हा ती खूश झाली.

हा गुरांचा गोचीड, ऱ्हायपिसेफॅलस मायक्रोप्लस. कुत्र्याच्या गोचिडाचा सख्खा, जोतं तसंच षट्कोनी, त्यामुळे घाईत गोंधळ होतो. पण पाल्प अगदी आखूड, दाबून बसवल्यासारखे, आणि मागच्या कडेला करंजीच्या खाचा नाहीत. लार्व्हापासून प्रौढापर्यंत तो एकाच गाईवर राहतो, घरात चालत येत नाही. गोठ्यातून घरात आलेला एकही सापडला नाही.

७ मे

६८ नमुने झाले. आज सगळ्या बाटल्या खळ्यात पाटावर मांडल्या आणि वहीशी ताडून पाहिल्या.

कुत्र्याचे ५७. गुरांचे पाच. दोन इतके तुटलेले की नाव लिहिलं नाही. हिमाफायसॅलिस चार.

ते चार कुठे सापडले ते पुन्हा पुन्हा वाचलं. दोन बाबांच्या अंगावर. एक आईच्या लुगड्याच्या काष्ट्यावर, ती पातेरा आणायला गेली होती त्या दिवशी. एक तिच्या चुंबळीत, लाकडाची मोळी उतरवल्यावर तिने चुंबळ झटकली तेव्हा. भिंतीवर एकही नाही. अंथरुणात एकही नाही. रानातला गोचीड घरात सरपटत येत नाही, त्याला आम्ही उचलून आणतो. आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो कुत्र्याचा.

याचा अर्थ कुत्र्याचा गोचीड निरुपद्रवी असा मी घेत नाही. टिप्याला मागच्या वर्षी ताप येऊन खाणं सुटलं होतं, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी एर्लिकिया या जिवाणूचा आजार सांगितला. तो याच गोचिडामुळे. माणसालाही याच्यापासून टिक टायफस होऊ शकतो. त्यात ताप येतो, अंगावर, तळहातांवर आणि तळपायांवरही पुरळ उठतं. वेळेवर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक मिळालं की माणूस बरा होतो. त्यासाठी दवाखान्यात गेल्यावर आधी ‘गोचीड चावला होता’ हे सांगायला हवं. आमच्याकडे लोक ते सांगत नाहीत, क्षुल्लक वाटतं म्हणून.

वाडीतल्या बायकांना आज बाटल्या दाखवल्या. भिंग हातोहात फिरलं. त्रिकोणी तोंड आणि षट्कोनी जोतं, हा फरक बारा जणींपैकी नऊ जणींनी न सांगता ओळखला. ज्या डोळ्यांना काजूच्या ढिगातून किडकी बी निवडायची सवय आहे, त्यांना हे अवघड नाही.

२८ मे

तीन आठवड्यांत भिंतीवर एकच गोचीड, क्र. ६९. टिप्याच्या अंगावर चार, चारही मेलेले किंवा मरायला टेकलेले. मार्चमध्ये गोळी दिली तेव्हा मला वाटलं होतं लगेच फरक दिसेल. तसं होत नाही. भिंतीतले उपाशी गोचीड महिनोन्‌महिने वाट पाहू शकतात. एकेक जण भुकेने बाहेर येतो, कुत्र्यावर चढतो आणि चावून मरतो. भिंत अशी हळूहळू रिकामी होते. मध्येच गोळी चुकली तर उरलेले पुन्हा सुरुवात करतात.

११ जून

टिप्याला दुसरी गोळी. बारा आठवडे पुरे झाले.

१५ जून

पाऊस लागला. काजूचं काम संपलं, कोयती गुंडाळून माळ्यावर गेली. आज शाळाही सुरू झाली. ७१ बाटल्यांचं खोकं शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवलं, वहीची प्रत सोबत. मूळ वही घरी. आता पावसाळ्यात गाईवर रानातले प्रौढ बघायचे आहेत, म्हणून काकीकडे आणखी वीस बाटल्या मागितल्या.

संध्याकाळी बाबा तरवा बघून परत आले. मी पडवीत होते. आजी झोपली होती, तिने हाक मारली नाही. बाबा खळ्यातच थांबले, पावसात सदरा काढून बादलीत टाकला आणि पाठ माझ्याकडे केली. ‘बघ गो,’ म्हणाले.

काही नव्हतं.